जशीच्या तशी

मंगळवार, ९ सप्टेंबर २००३

आजपासून वही ठेवायची. कामाचा एखादा नियम मी मोडला, तर निदान कोणत्या तारखेला मोडला हे तरी माझ्याकडे लिहिलेलं असावं.

नियम असे. मिस्टर नॉर्मन सगडन दरीच्या तळाशी, कालव्याकाठी राहतात. मिस्टर क्लिफ अटली समोरच्या डोंगरावर. दोघे मिळून ‘वॉशहाऊस’. सगडनांच्या आईच्या त्याच कालव्याकाठच्या घरामागे कपडे धुण्याची दगडी खोली होती, तिथे सुरुवात केली म्हणून हे नाव. पंचवीस वर्षं दोघं यंत्रांवर संगीत रचतात. गाणं नाही, शब्द नाही, नुसते आवाज. आणि रचताना एकमेकांशी बोलत नाहीत. वैर नाही, ती त्यांची पद्धत आहे. टेपवर आठ आवाज शेजारी शेजारी पण वेगवेगळे राहतात. टेप ज्याच्याकडे जाईल त्याने एकच गोष्ट करायची. एक आवाज घालायचा, नाहीतर एक पुसायचा. मग बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून ती पलीकडे पाठवायची. सोबत चिठ्ठी नाही, मागून फोन नाही. ज्या दिवशी टेप जशीच्या तशी परत येईल, त्या दिवशी ती रचना पूर्ण.

मी विचारलं, असं का. मिस्टर अटली म्हणाले, “ऐंशी साली एका सुरावरून अकरा आठवडे भांडलो आम्ही. दोघांचंही बरोबर होतं. तेव्हापासून तोंड बंद, काम चालू.”

डबा इतकी वर्षं मिसेस सगडन, म्हणजे मिस्टर सगडनांच्या पत्नी डोरीन, न्यायच्या. त्या मार्चमध्ये गेल्या. आता हा शेवटचा अल्बम, सात रचनांचा. पाच झाल्या आहेत. उरलेल्या दोन पाच डिसेंबरपर्यंत दिल्या नाहीत तर लंडनची कंपनी तो काढणार नाही. डबा नेणं, टेपची प्रत करून ठेवणं आणि कोणी काय केलं याची नोंद ठेवणं हे माझं काम.

मुलाखतीला चौघं होतो. बाकी तिघांना अनुभव होता. मिस्टर सगडनांनी मला एकच प्रश्न विचारला, आई काय करायची. मी म्हटलं, टॉडमॉर्डनला गिरणीत मागावर होती, गिरणी बंद पडेपर्यंत. ते म्हणाले, मंगळवारपासून ये. दया आली असेल.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

पहिली फेरी. मिस्टर सगडनांचं पुढचं दार मी तीनदा ठोठावलं. उत्तर नाही. मागचं दार सताड उघडं होतं. आत गेले तर ते टीव्हीसमोर. आवाज बंद, खाली अक्षरं पळत होती. मला पाहून दचकले आणि म्हणाले, पुढच्या दाराशी ताटकळत बसू नकोस, सरळ आत येत जा.

मी नोंद पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली.

“लिहिलेलं नको. तिथे खिडकीसमोर बस आणि सांग. क्लिफने काय केलंय ते तोंडाने सांग.”

परीक्षाच ती. उजेड तोंडावर, ते समोर, नजर माझ्यावर खिळलेली. मी अडखळत सांगितलं की मिस्टर अटलींनी खालच्या पट्टीत एक लांब, घोगरा सूर घातला आहे. ते म्हणाले, हे कॉलेजातलं झालं, आईला सांगशील तसं सांग. मग मी म्हटलं, कोणीतरी जड कपाट दुसऱ्या खोलीत सरकवतंय आणि ते सरकवणं संपतच नाही, असं. त्यांनी मान हलवली. नंतर टेप लावली, डोळे मिटले आणि ऐकली.

मी पास झाले की नाही, कळलं नाही.

मंगळवार, २३ सप्टेंबर

आज मी ‘सुप्रभात’ म्हटलं तर उत्तर दिलं नाही. पाठमोरे होते. शुक्रवारी माझी बस चुकली आणि दहा मिनिटं उशीर झाला होता. त्याचा राग असावा.

किटलीने शिट्टी धरली तरी ते वाद्याशी बसून. शिट्टी वाजतेच आहे, वाजतेच आहे. शेवटी मीच उठून गॅस बंद केला. मग वाटलं, दुसऱ्याच्या घरातल्या चुलीला हात लावायला नको होता. पण ते रागावले नाहीत. किटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, “डोरीन असायची तेव्हा या घरात काही उतू जात नसे.”

लंडनच्या कंपनीतून मिस्टर फॅरोंचा फोन मला येतो. सगडन फोन उचलत नाहीत म्हणून तक्रार. मी म्हटलं, कामात असतात.

आईला रात्री जेवताना थोडंफार सांगते. आईला माझे ओठ पाठ आहेत आणि मला आईचे. गिरणीत मागांच्या खडखडाटात कान गेले तिचे, तेव्हापासून घरात आम्ही तोंड मोठं करून, ओठ नीट उघडून बोलतो. कॉलेजात माझी नक्कल करायचे, मासा बोलतोय म्हणून. बाबांना अजून वाटतं की मी रेडिओ दुरुस्त करायला जाते.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सहाव्या रचनेत मिस्टर सगडनांनी पायपेटीचे चार सूर घातले, मायक्रोफोन लावून. अतिशय साधे आणि अतिशय दुःखी. पण प्रत करताना त्यांच्यामागे मला आणखी एक आवाज ऐकू आला. सुईच्या टोकासारखा बारीक, अगदी उंच, सलग. ओळखला. जुना टीव्ही चालू असला की येतो तो. आवाज बंद ठेवला तरी येतो.

आता हा आवाज त्यांनी मुद्दाम घातला की चुकून आला? चुकून असेल तर सांगायला हवं. मुद्दाम असेल तर सांगून मी मूर्ख ठरणार. दोन दिवस हेच डोक्यात. आज विचारलं, तो वरचा बारीक आवाज राहू द्यायचा ना?

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. “तुला काय वाटतं?”

मी म्हटलं, घरातली सगळी झोपली आहेत आणि कोणासाठी तरी एक दिवा चालू ठेवलाय, तसं वाटतं.

“मग असू दे.”

म्हणजे मुद्दामच होता. बरं झालं पुसा म्हटलं नाही. मिस्टर अटलींना मी याबद्दल काही बोलले नाही, कारण शब्द नेणं माझं काम नाही. त्यांनीही विचारलं नाही. इतका बारीक आवाज इतक्या विश्वासाने वापरणारी ही माणसं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सहावी पूर्ण. मिस्टर अटलींकडून टेप जशीच्या तशी आली. मी दोनदा ताडून पाहिलं, काही बदल नाही. मिस्टर सगडनांना सांगितलं तेव्हा त्यांनी डब्याच्या झाकणावरून हात फिरवला आणि मला दुसरा केक घ्यायला सांगितलं. मी नको म्हटलं. मग वाटलं, घ्यायला हवा होता.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

सातवीत मिस्टर अटलींनी घंटी घातली आहे. उंच पट्टीत, आठ ठोके. बसमध्ये डबा मांडीवर ठेवून मी तेच आठवत आले, कारण ती घंटी बेसूर आहे. थोडी नाही, चांगलीच. खालचा सूर एकीकडे आणि घंटी दुसरीकडे, जसा कपाटाचा खण नीट बसलेला नसावा आणि येता-जाता कोपराला लागावा.

पण मिस्टर अटली पंचवीस वर्षं हे करतात. मी दोन महिने झाले टेप वाहते. मला बेसूर वाटतं ते त्यांना हवं असेल. प्रत करताना दहा वेळा ऐकली. दर वेळी कोपराला लागली.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

खिडकीसमोर बसून सांगितलं. मिस्टर अटलींनी घंटी घातली आहे, उंच, आठ ठोके.

“कशी आहे?”

मी म्हटलं, सुंदर आहे.

“सुंदर,” ते म्हणाले. बाहेर कालव्यावर मुलं उद्याच्या, पाच नोव्हेंबरच्या शेकोटीचे फटाके आजच उडवत होती. एक शिट्टी मारत जाणारा बाण खिडकीला घासून गेला, मी जागेवरच उडाले, त्यांनी मानही वळवली नाही. अशी एकाग्रता मला कधी जमणार.

टेप दोनदा लावली. मग परत डब्यात ठेवली. मी विचारलं, काही घालायचं नाही? पुसायचं?

“तू सुंदर म्हणालीस ना. मग झालं.”

म्हणजे सातवी पूर्ण. अल्बम पूर्ण, महिनाभर आधी. मला आनंद व्हायला हवा.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मिस्टर अटलींनी टेप लावली, घंटीपर्यंत आले आणि थांबवली. पुन्हा लावली. मला विचारलं, त्याने काहीच केलं नाही? मी म्हटलं, नाही, जशीच्या तशी. त्यांचा चेहरा असा झाला की मला माझा कोट कुठे ठेवलाय ते आठवेना.

घंटी त्यांनी मुद्दाम बेसूर घातली होती. उन्हाळ्यापासून त्यांना वाटत होतं की पलीकडून येणारं काम जड, खालचं, एकसुरी झालंय, नॉर्मन लक्ष देत नाही, उरकतोय. म्हणून खडा टाकून पाहिला.

“पंचवीस वर्षांत त्याने माझा केसाएवढा सूर हलू दिला नाही. एकदा बर्फात चालत आला होता, घंटी बरोबर कर म्हणून सांगायला नव्हे, नुसता डबा ठेवायला. आत घंटी पुसलेली.” डब्याचं झाकण लावून ते म्हणाले, “तो ऐकतच नाहीये गं. डोरीनबरोबर त्याच्यासाठी सगळं संपलं, मी पण. ठीक आहे. मिस्टर फॅरोंना कळव, अल्बम नाही.”

मी विचारलं, एकदा त्यांना विचारून पाहू का? म्हणाले, शब्द घेऊन गेलीस तर उद्यापासून येऊ नकोस.

माझी चूक आहे. मला ऐकू आलं होतं. मी सुंदर म्हटलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आईला सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. माझं सांगून होईपर्यंत ती बटाटे सोलत होती आणि मधूनमधून वर बघत होती, माझे ओठ बघायला. मी म्हटलं, मिस्टर सगडनांना माझा राग आहे, मागून बोलले तर उत्तर देत नाहीत, समोर बसवून उलटतपासणी घेतात. तिने सुरी खाली ठेवली.

“उजेडात बसवतो तुला?”

हो.

“तोंडाकडे बघतो? डोळ्यांकडे नाही?”

हो.

“अगं जॅनिन, तो बहिरा आहे.”

मी म्हटलं, अशक्य, ते संगीतकार आहेत. आई हसली, पण वाईट वाटून. म्हणाली, “वीस वर्षं बहिऱ्या बाईच्या हातचं जेवलीस पोरी. शाळा शिकलीस म्हणून दिसेनासं झालं होय?”

मग किटली आठवली. दार, फोन, बाण, टीव्हीवरची अक्षरं. खालचे जड सूर. ते ऐकू येत असणार अजून. वरचं सगळं गेलं असणार, आईचं आधी गेलं तसंच. आणि टीव्हीचा तो बारीक आवाज. “मग असू दे.” मिसेस सगडन डबा घेऊन घरी आल्यावर खिडकीसमोर बसून काय करत असतील ते आता कळतं.

मिस्टर फॅरोंना अजून कळवलेलं नाही. आज शनिवार, त्यांचं ऑफिस बंद. हे कारण खरं आहे, तरी मला ते कारण असल्याचा आनंद झाला, हेही लिहून ठेवते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज डबा नव्हता. रिकाम्या हाताने गेले. काय सांगायचं हे रविवारपासून घोळवत होते. मिस्टर अटलींचे शब्द न्यायला मनाई आहे. पण माझे स्वतःचे शब्द आहेत, त्यांच्याबद्दल नियम नाही. खिडकीसमोर स्वतःच जाऊन बसले आणि घरी बोलते तसं, ओठ पूर्ण उघडून बोलले.

“घंटी बेसूर होती. मला कळलं होतं. मी खोटं सांगितलं.”

त्यांनी विचारलं, किती बेसूर. मी म्हटलं, जवळजवळ अर्धा सूर वर. खण नीट न बसल्यासारखी.

“मुद्दाम घातलीय त्याने,” ते म्हणाले. माझ्याकडून काही ऐकायच्या आत. “मी आहे का बघायला.”

मी म्हटलं, आपण पुसू. मी आत्ता डबा घेऊन येते, तुम्ही घंटी पुसा, त्यांना वाटेल तुम्ही ऐकलंत, अल्बम वाचेल. पुढेही मी प्रत्येक गोष्ट खरी खरी सांगेन. इतकं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

“डोरीनने तीन वर्षं हेच केलं,” ते म्हणाले. “ती म्हणायची, क्लिफला सांग. मी म्हणायचो, पुढच्या टेपला. तिच्या अंत्यविधीला चर्चच्या दाराशी तो माझ्या शेजारी उभा होता. काहीतरी बोलला. मी नुसती मान हलवली. अजून माहीत नाही, काय म्हणाला.”

बसमध्ये मला रडू आलं. शेजारच्या बाईने खिडकी हवी का विचारलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मिस्टर सगडनांना टेप परत हवी होती, म्हणून सकाळी वर जाऊन मिस्टर अटलींकडे मागितली. म्हणाले, कशाला, पूर्ण झालीये ती. मी म्हटलं, प्रत तपासायची राहिली आहे. हे खोटं. या वहीतलं दुसरं. त्यांनी डबा दिला, डोळ्यांत न बघता.

मिस्टर सगडनांनी आठव्या ट्रॅकवर मायक्रोफोन लावला. वाद्य कोणतंच घेतलं नाही. मला म्हणाले, यंत्र सुरू कर आणि बाहेर थांब. धुण्याच्या खोलीच्या दाराला काच आहे. मी काचेतून फक्त यंत्राचा काटा बघत होते, तो हलतोय की नाही एवढंच. खरंच. पण ते मायक्रोफोनसमोर खुर्चीत बसले आणि बोलायला लागले. आवाजाशिवाय. मागांच्या खडखडाटात आवाज पोचायचा नाही म्हणून आमच्या आया नुसत्या ओठांनी बोलायच्या तसं, तोंड भरून, भुवया वर करून, एकेक शब्द ओठांनी घडवत.

पहिला शब्द ‘क्लिफ’ होता. दुसरं वाक्यही मी वाचलं. मग माझ्या लक्षात आलं की मी वाचतेय आणि मी पाठ फिरवली. जे वाचलं ते इथे लिहीत नाही. ते माझं नाही.

सगळं चार मिनिटं अकरा सेकंद. रचनेची लांबी तेवढीच. नंतर ऐकलं. श्वास आहे. ओठ मिटल्याचा, उघडल्याचा आवाज आहे. एकदा घोट गिळल्याचा. आणि पलीकडच्या खोलीतल्या टीव्हीचा तो सुईसारखा आवाज. शब्द एकही नाही. घंटी त्यांनी पुसली नाही.

मी विचारलं, त्यांना कळेल?

“त्याचीही आई मागावरच होती.”

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मिस्टर अटलींनी दारातूनच डबा घेतला होता शुक्रवारी. आज गेले तर दार बंद. आतून टेप ऐकू येत होती. तेच चार मिनिटं अकरा सेकंद, पुन्हा पुन्हा. मी ठोठावलं नाही. पायरीवर बसले. पाचव्यांदा संपली तेव्हा शेवटची बस होती म्हणून निघाले.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

मी मिस्टर सगडनांकडे रिकामी बसले होते. चौदा दिवसांत कंपनीला टेप पोचायला हवी, आणि मिस्टर फॅरोंना मी आतापर्यंत तीनदा ‘सोमवारी कळवते’ म्हटलंय. मागच्या दारात कोणीतरी पाय पुसत होतं. मी पाहिलं तर मिस्टर अटली. डोंगर उतरून चालत आले होते, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, डबा कोटाच्या आत धरलेला.

मिस्टर सगडन टीव्ही बघत होते, पाठमोरे. मिस्टर अटलींनी हाक मारली नाही. फिरून खिडकीपाशी गेले, माझी खुर्ची असते तिथे, आणि तोंडावर उजेड येईल असे उभे राहिले. मग थांबले. मिस्टर सगडनांची नजर वर येईपर्यंत थांबले.

डबा टेबलावर ठेवून मिस्टर अटली बोलले. सावकाश, ओठ पूर्ण उघडून, मासा बोलतो तसं.

“काही घातलं नाही. काही पुसलं नाही. जशीच्या तशी.”

मिस्टर सगडन म्हणाले, “घंटी बेसूर आहे म्हणतात.”

“आहे. राहू दे.”

मी चहा करायला उठले. किटली ठेवली आणि शिट्टी व्हायच्या आधीच उतरवली. बाहेर आले तेव्हा मिस्टर सगडन विचारत होते, चर्चच्या दाराशी तेव्हा तू काय म्हणाला होतास. मी चहा तिथेच ठेवून कालव्यावर जाऊन उभी राहिले. काचेतून दोघं दिसत होते. मी पाण्याकडे बघत होते.

गुरुवार, १५ जानेवारी २००४

मिस्टर फॅरोंचा फोन. तबकड्या छापायच्या आधी आवाजाची शेवटची सफाई चालू आहे. प्रत्येक ट्रॅकसमोर वाद्याचं नाव हवं, ते मी पाठवलेल्या यादीत सातव्या रचनेच्या आठव्या ट्रॅकसमोर नाही. तिथे मी ‘नॉर्मन सगडन’ लिहिलंय, ते तर वादकाचं नाव झालं. मी म्हटलं, दोन्ही रकान्यांत तेच लिहा.

मग ते म्हणाले, शिवाय तिथे कोणाचा तरी श्वास राहिलाय, आणि त्यांच्याकडच्या तरुण मुलीला एक बारीक शिट्टी ऐकू येते, टीव्हीची असावी. दोन्ही सहज काढता येतील. कोणाला विचारायला हवं? सगडनांना की अटलींना?

दोघांनाही ती शिट्टी कधी ऐकू आलेली नाही. मिस्टर सगडनांचे कान गेले म्हणून, मिस्टर अटलींचं वय झालं म्हणून. मला येते. मलाही आणखी दहा-बारा वर्षंच येईल, असं कॉलेजात शिकवलं होतं.

मी म्हटलं, “कोणालाच नको. काही काढू नका. जशीच्या तशी राहू द्या.”

ते म्हणाले, हे कोण सांगतंय, म्हणून नोंदवू?

मी माझं नाव सांगितलं. आडनावाची अक्षरं एकेक करून सांगितली, चूक होऊ नये म्हणून.